पानांआडचे टोमॅटो

तिचं खरं नाव कचेरीच्या हजेरीपटावर होतं. बाकी सगळीकडे तिला टिकटिकबाई म्हणत. उजव्या मुठीत मावेल एवढा स्टीलचा काउंटर तिच्याकडे असायचा. अंगठ्याने दाबला की आकडा एकाने पुढे सरकायचा आणि टिक असा आवाज व्हायचा. शेतात काम करणाऱ्या बायकांना ती दिसायच्या आधी तो आवाज ऐकू यायचा.

सत्तावीस वर्षं तिने झाडाला लागलेली फळं मोजली. हाच तिचा पेशा, याचाच पगार. थंडीत संत्र्यांच्या बागा, त्यानंतर द्राक्षं आणि मधले तीन महिने टोमॅटो. फळं आणि भाज्यांच्या पिकाचा अंदाज बांधणाऱ्या सरकारी कचेरीत ती लागली तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. पहिल्याच दिवशी जुन्या साहेबांनी तिला एका संत्र्याच्या झाडाखाली उभं केलं आणि विचारलं, किती आहेत? तिने झाडाला तीन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं, चारशे बारा. साहेबांनी माणसं लावून सगळं झाड उतरवलं. चारशे चौदा निघाली. त्या दोन संत्र्यांची रुखरुख तिला कितीतरी दिवस पुरली होती, असं तिच्या नवऱ्याने मला सांगितलं. आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो. खालच्या पुढच्या खोलीत तो शिवणयंत्रं दुरुस्त करतो, आणि यंत्रापेक्षा त्याची जीभ जास्त चालते. पुढचं बरंचसं मला त्याच्याकडून कळलं, आणि जे महत्त्वाचं ते तिने स्वतः सांगितलं.

काम ऐकायला सोपं होतं. कचेरीत चिठ्ठ्या टाकून शेतं निवडायची. तिच्या वाट्याला चौसष्ट यायची. प्रत्येक शेतात बांधापासून ठरलेली पावलं आत जायचं, तिथली दहा झाडं धरायची आणि त्या दहांवरचं प्रत्येक फळ मोजायचं. लाल वेगळं, हिरवं वेगळं, फूल वेगळं. "शितावरून भाताची परीक्षा," ती म्हणायची, "पण शीत नीट चेपून बघायला हवं."

या शितांचा आकडा मोठ्या कचेरीत जायचा आणि महिन्यातून एका शुक्रवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला, अहवाल बाहेर पडायचा. त्याची वाट बघणारे पुष्कळ. टोमॅटोची पेस्ट करणारे कारखाने, शीतगृहवाले, परदेशी माल धाडणारे व्यापारी, आणि आयात-निर्यातीचे परवाने देणारं खातं. पीक उदंड आहे असं अहवालात आलं की निर्यातीचं दार सताड उघडायचं आणि बाहेरची पेस्ट आत यायची बंद व्हायची. पीक कमी आहे असं आलं की उलट. बाराच्या आधी आकडा कुणाला कळता कामा नये, हा नियम होता. तिने आकडा नवऱ्यालाही कधी सांगितला नव्हता. "ही झोपेत बडबडते," तो म्हणायचा, "पण तेव्हासुद्धा आकडा सोडून बोलते."

त्या वर्षी सगळ्यांनी टोमॅटो लावला होता. आदल्या हंगामात भाव चांगला मिळालेला, त्यामुळे ज्याच्याकडे पाण्याची सोय त्याने रोपं आणली. रोपवाटिका महिनाभर आधीच रिकाम्या झाल्या. तिचा मोठा भाऊ, ज्याला ती दादा म्हणायची, त्यानेही दोन एकर वाढवून सहा एकर केले होते. मग ऐन फुलोऱ्यात नऊ दिवस गरम वारा सुटला. दिवसा तर दिवसा, पण रात्रीही हवा निवेना. दहाव्या दिवशी वारा पडला, लोकांनी पाणी दिलं आणि झाडं अशी काही तरारली की विचारू नका. काळपट हिरवी, माणसाच्या छातीपर्यंत. रस्त्याने जाणारा येणारा थांबून बघायचा.

तिने मोजणी सुरू केली आणि तिसऱ्या शेतातच वहीतले आकडे पुन्हा तपासले. दरवर्षी या दिवसांत झाडामागे तीसएक फळं असायची. आता वीस. पुढच्या शेतात एकोणीस, त्याच्या पुढच्यात एकवीस. पानं मात्र इतकी की हात आत घातला की कोपरापर्यंत दिसेनासा व्हायचा.

फूल गळलं होतं, हे तिला उमगलं. फळाचा भार नाही म्हणूनच झाड पानांवर जोर काढत होतं. तिने हे याआधी एकदा पाहिलं होतं, पण एवढ्या मोठ्या प्रमाणात नाही. ती आकडे लिहीत गेली. चाळीस शेतं झाली तरी आकडा तिथेच.

एकेचाळिसाव्या शेताची मालकीण म्हातारी होती, तोंडाने फटकळ. बांधावर उकिडवी बसून ती हिची टिकटिक ऐकत होती. दहावं झाड संपवून ही उठली, वहीत लिहिलं, निघाली. म्हातारी आली, वाकली, त्याच झाडात हात घातला आणि मुठीएवढा हिरवा टोमॅटो पानाआडून बाहेर काढून दाखवला. तोडला नाही, नुसता उचलून धरला.

"हा राहिला, बाई."

"राहिला खरा." तिने काउंटर एकदा दाबला.

"आणि हा."

दुसरा त्याच्या खालीच होता. तोही हिरवा. तिने पुन्हा दाबला. म्हातारी आणखी शोधणार तेवढ्यात तिला कुणीतरी विहिरीकडून हाक मारली आणि ती गेली. ही मात्र तिथेच खाली बसली. तिने त्या दोन फळांकडे बघितलं. ती आहेत हे माहीत असतानासुद्धा कडा नीट दिसत नव्हत्या. हिरव्यात हिरवं मिसळून गेलं होतं, ओल्या कागदावर शाई फुटावी तसं.

मग तिला एकेक आठवू लागलं. गेली दोन वर्षं सुईत दोरा नवराच ओवून देत होता, आणि शिवणयंत्राच्या घरात त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. बस जवळ आल्याशिवाय पाटी वाचता येत नव्हती. समोरून दिवे आले की त्यांच्याभोवती कडं दिसायचं. चष्म्याची काच ती दिवसातून दहा वेळा पुसायची आणि म्हणायची, शेतातली धूळ फार.

तिने मला सांगितलं की त्या दिवशी घरी येताना तिला दोनच गोष्टी कळत होत्या. पीक कमी आहे. आणि आपले डोळे कमी झालेत. पण यातलं किती पिकाचं आणि किती डोळ्यांचं, हे तिला सांगता येईना. पीक खरंच तिसऱ्या हिश्श्याने घटलं असेल आणि ती गप्प बसली, तर सगळा माल परदेशी जाईल आणि इथले बाजार कोरडे पडतील. पीक चांगलं असेल आणि तिचे डोळेच गेले असतील, तर तिच्या आकड्यावर विसंबून बाहेरची पेस्ट येईल, ऐन तोडणीच्या वेळी, आणि हजारो लोकांचा टोमॅटो झाडावरच सडेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं, तर ऊन लागलं म्हणाली.

सोमवारी कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या प्रमुख मॅडम तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, दोन वर्षांपूर्वी आलेल्या. आकाशातून काढलेल्या चित्रांवरून पिकाचा अंदाज बांधायची नवी रीत त्यांनीच सुरू केली होती. माणूस म्हणून वाईट नव्हत्या. आल्या दिवसापासून त्या हिला ताई म्हणत आणि तिच्यासाठी खुर्ची ओढत.

मॅडमनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. जिल्ह्याचा नकाशा गर्द हिरवा दिसत होता.

"ताई, हे मागच्या वर्षीचं आणि हे यंदाचं. बघा किती फरक आहे. या हिशेबाने पीक बारा टक्क्यांनी जास्त यायला हवं. तुमचा आकडा एकदम उलटा."

"लागवड वाढली आहे, मॅडम. पानंही आहेत. फळ नाही."

"शेजारच्या दोन विभागांतही आकडा खाली आहे, पण तुमच्याइतका नाही. तुमचा सगळ्यात खाली." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण वरच्या लोकांना मी काय सांगू? शुक्रवारी अहवाल आहे. बारा शेतं पुन्हा मोजता येतील का? बुधवारपर्यंत?"

डोळ्यांचं तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द ओठांपर्यंत आले होते, असं ती म्हणाली. पण समोर हिरवागार नकाशा, मॅडमची वाट बघणारी नजर, आणि निवृत्तीला उरलेली चार वर्षं. ती एवढंच म्हणाली, "मोजते."

संध्याकाळी घरी आली तर दादा बसलेला. दुकानाच्या बाकावर, मांडीवर टोपी ठेवून. नवरा त्याला एका जुन्या यंत्राची कुळकथा सांगत होता. तिला बघून दादा उठला आणि आतल्या खोलीत गेला, म्हणजे बोलायचं होतं.

"छोटे," तो म्हणाला, "सत्तावीस वर्षांत मी तुला कधी काही विचारलं?"

"नाही विचारलंस."

"आता विचारतो. पेस्टवाल्यांचा माणूस बुधवारी येणार आहे. सगळा माल त्यांना द्यायचा असा करार करायचा, भाव आजच ठरवून. पीक उदंड असेल तर तेच बरं, निदान माल खपेल. पण पीक कमी असेल तर थांबायला हवं, बाजारचे व्यापारी जास्त भाव घेऊन दारात येतील. माझी झाडं तर हत्तीसारखी झाली आहेत आणि फळ बघावं तर मोजकं. माझ्याच शेतात असं आहे की सगळीकडे? एवढंच सांग. आकडा नको. मान हलव."

तिने खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवली.

"दादा, मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही?" तो हसला, पण ते हसू खरं नव्हतं. "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत झाली की मग कचेरीची. अगं, तुला नाही माहीत तर कुणाला?"

त्याच्या तोंडून म्हण सहज निघाली होती, पण तिला ती सुरीसारखी लागली. नियमाचं कारण सांगितलं असतं तर दादाने ऐकून घेतलं असतं. पण ती खरंच बोलत होती आणि तेच त्याला खोटं वाटलं. "सख्ख्या भावाला नियम सांगितला असतास तरी चाललं असतं," तो म्हणाला, "खोटं बोलायला नको होतंस." चहा घेतल्याशिवाय तो गेला. असं कधी झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी सातला ती पहिल्या शेतात होती. दहा झाडं डोळ्यांनी मोजली. सरासरी एकोणीस. मग तिने चष्मा काढून पिशवीत ठेवला, झाडासमोर गुडघे टेकले आणि डोळे मिटले. डावा हात बुंध्याशी लावून हळूहळू वर नेला. जिथे फांदी फुटली तिथे थांबायचं, घोस चाचपायचा, प्रत्येक फळाला बोट लागलं की उजव्या हाताने काउंटर दाबायचा. पिकलेलं फळ बोटाला मऊ लागायचं, हिरवं थंड आणि टणक. जिथे फूल गळलं होतं तिथे सुकलेला देठ काडीसारखा टोचायचा. असे देठ फार होते.

त्याच दहा झाडांची सरासरी आली तेवीस.

तिने वहीत मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला लिहिलं "डोळे", उजव्या बाजूला "हात". पुढच्या शेतात डोळे एकवीस, हात पंचवीस. त्याच्या पुढे डोळे वीस, हात चोवीस. शेतातल्या बायकांना वाटलं हिला चक्कर आली. एकीने पाणी आणलं. "बरं नाही का, बाई?" ती म्हणाली, "बरं आहे. असंच मोजायचं असतं कधी कधी."

मातीत गुडघे टेकून टेकून मंगळवारी सहा शेतं झाली, बुधवारी दुपारपर्यंत उरलेली सहा. हाताला टोमॅटोच्या पाल्याचा हिरवा-काळा थर बसला होता, तो साबणाने निघेना. झाडाखालीच बसून तिने बेरीज केली. हातांचा आकडा सरासरी चोवीस, डोळ्यांचा वीस. सहा टोमॅटोंतला एक तिला दिसत नव्हता.

म्हणजे पीक कमी होतं, ते तिचे भास नव्हते. झाडामागे पाचवा हिस्सा कमी. लागवड वाढली हे धरूनही एकूण पीक आदल्या वर्षीपेक्षा आठव्या हिश्श्याने खाली. तिने लिहिलेल्या तिसऱ्या हिश्श्याइतकं नाही, मॅडमच्या चित्राइतकं चांगलं तर मुळीच नाही. एका बाजूने तिचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या बाजूने नवी धास्ती उभी राहिली. सहातला एक यंदा दिसला नाही, तर मागच्या वर्षी? तेव्हा दहातला एक? त्या आकड्यावर कुणी काय काय केलं असेल, कुणी माल रोखला, कुणी विकून टाकला, हे ती आठवत बसली. आठवून उपयोग नव्हता.

बसमध्ये तिने तीनदा ठरवलं की फक्त नवा आकडा द्यायचा. पुन्हा मोजले, जास्त निघाले, झालं. कुणी विचारणार नव्हतं. उलट मॅडम खूश झाल्या असत्या. पण तिच्या वहीत उरलेल्या बावन्न शेतांचे आकडे डोळ्यांनी मोजलेले होते, आणि ते का बदलायचे हे सांगितल्याशिवाय बदलता येत नव्हते. शेवटी ती कचेरीच्या पायऱ्या चढली.

वही मॅडमपुढे उघडी ठेवली. मॅडमनी दोन रकाने बघितले.

"डोळे आणि हात म्हणजे?"

"मॅडम, मला नीट दिसत नाही. बहुतेक मोतीबिंदू आहे. किती दिवसांपासून ते सांगता येत नाही. दीड-दोन वर्षं असेल. मी कुणाला सांगितलं नाही." हे तिने एका दमात सांगितलं. "डाव्या बाजूचे आकडे माझ्या डोळ्यांचे. उजव्या बाजूचे हातांनी चाचपून घेतलेले. उजवे खरे आहेत."

मॅडमनी वहीची मागची पानं उलटून बघितली. खोलीतला पंखा कुरकुरत होता.

"हे तुम्ही सोमवारी सांगायला हवं होतं."

"हो."

"मागच्या वर्षीही सांगायला हवं होतं."

"हो, मॅडम."

"मी आता तुमचा आकडा घ्यायचा की नाही घ्यायचा?" मॅडम रागावल्या होत्या की घाबरल्या होत्या हे तिला ओळखता येईना. "ज्या मोजणीदाराला दिसत नाही त्याच्या आकड्यावर मी माझी चित्रं बाजूला ठेवू? वर कुणी विचारलं तर हसतील लोक."

"तुम्ही स्वतः मोजा," ती म्हणाली. "एक शेत. दहा झाडं. तुमचे डोळे चांगले आहेत."

गुरुवारी सकाळी सहाला कचेरीची गाडी तिच्या दारात आली. मॅडम बूट घालून आल्या होत्या, पण शेतात गेल्यावर काढून ठेवावे लागले, इतकं पाणी दिलेलं होतं. पहिलं झाड मॅडमनी उभ्याने मोजलं. सतरा म्हणाल्या. ही गुडघ्यांवर बसली. मग मॅडमही बसल्या, पानं बाजूला करून पुन्हा मोजले. तेवीस. हिने मिटल्या डोळ्यांनी मोजले. तेवीस. दुसरं झाड, मॅडम चोवीस, ही चोवीस. पाचव्या झाडाला दोघींत एकाचा फरक आला आणि हातांचा आकडा बरोबर निघाला. मॅडमनी गळलेल्या फुलांचा एक घोस हातात धरला. सुकलेल्या देठांची जुडीच होती ती.

"हे वरून दिसतच नाही," मॅडम म्हणाल्या. "वरून सगळं हिरवं."

"मला खालूनही दिसत नाही आता."

मॅडमना हसू आलं, आणि मग त्यांनी ते आवरलं.

कचेरीत परतल्यावर त्यांनी बावन्न शेतांचे आकडे त्याच प्रमाणात सुधारून घेतले, शेजारच्या विभागांशी ताडून पाहिले आणि स्वतःचा बारा टक्के वाढीचा अंदाज मागे घेतला. वरून फोन आला, दोनदा. दार लावून त्या बोलल्या. बाहेर बाकावर बसलेल्या हिला फक्त मॅडमचा आवाज चढलेला ऐकू आला. काय बोलणं झालं ते मॅडमनी कधी सांगितलं नाही.

शुक्रवारी बाराला अहवाल निघाला. टोमॅटोचं पीक आठव्या हिश्श्याने कमी. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: एका विभागातील मागील दोन वर्षांचे आकडे मोजणीतील त्रुटीमुळे फेरतपासणीस घेतले आहेत. विभागाचं नाव होतं, तिचं नव्हतं. पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

दादाने बुधवारीच करार करून टाकला होता. सहाच्या सहा एकर. अहवालानंतर आठवड्याभरात व्यापारी गावोगाव फिरू लागले आणि ठरलेल्या भावाच्या जवळपास दुप्पट द्यायला तयार झाले. दादाच्या शेजाऱ्याने थांबून विकलं. दादाचा माल रोज सकाळी कारखान्याच्या गाडीत चढत होता आणि तो बांधावर उभा राहून बघत होता. त्याने बहिणीला फोन केला नाही. तिनेही केला नाही. काय सांगणार होती? मला खरंच माहीत नव्हतं, हे आता सांगितलं असतं तर सबब वाटली असती.

निर्यातीचे परवाने त्या हंगामात मोजकेच निघाले. बाहेरची पेस्ट थोडी आधी आत येऊ दिली. बाजारात टोमॅटो महाग झाला, पण मिळत राहिला. व्यापाऱ्यांनी कचेरीला शिव्या घातल्या, कारण झाडं बघून कुणाचाच विश्वास बसत नव्हता. दोन महिने तिला घराबाहेर पडायची भीती वाटायची. रस्त्यात कुणी अंदाजाचा विषय काढला की ती दुसऱ्या बाजूने जायची. तोडणीचा जोर वाढला की आकडा चुकलाय असं तिला वाटायचं आणि जोर ओसरला की आपण आकडा जास्तच लावला असं वाटायचं. नवरा म्हणाला, "तुला सुखाने बसायला कुठलं पीक लावावं लागेल ते एकदा सांग."

हंगाम संपला तेव्हा सगळ्या वजनकाट्यांचे आकडे गोळा झाले. पीक नवव्या हिश्श्याने कमी भरलं. मॅडमनी तिला बोलावून तो कागद दाखवला. ती वाचायला पुढे वाकली, तेव्हा मॅडमनीच मोठ्याने वाचला.

कारवाई व्हायची ती झाली. एक वर्षाची पगारवाढ थांबली आणि शेतावरचं काम काढून घेतलं. मागच्या वर्षाच्या फेरतपासणीत तिचा आकडा थोडा कमी निघाला, तिला वाटलं होतं तेवढा नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा बरोबर होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरीचा प्रकाश टाकला आणि म्हणाले, एवढे दिवस काय करत होतात? नवरा तिथे होताच. "डॉक्टर, यंदा टोमॅटो कमी पिकला," तो म्हणाला, "पण मोतीबिंदू मात्र भरघोस."

आधी उजवा डोळा झाला. ऑपरेशनच्या दिवशी ती बाहेरच्या खोलीत बसली होती, डोळ्यात थेंब घातलेले, समोर सगळं पांढरं. कुणीतरी येऊन शेजारी बसलं. वासावरून तिला कळलं की दादा आहे. शेतातून तसाच आला होता.

"तुझ्या वहिनीने सांगितलं," तो म्हणाला. "तू मला माहीत नाही म्हणालीस तेव्हा तुला खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"मला सांगायचं होतंस की दिसत नाही."

"दादा, मी स्वतःलाच सांगितलं नव्हतं."

त्याने खिशातला रुमाल काढून तिच्या गालावरून ओघळलेले थेंब पुसले. औषधाचेच होते ते, ती म्हणाली. "माझं नुकसान झालं, छोटे," तो म्हणाला, "ते झालं नाही असं मी म्हणणार नाही." ती म्हणाली, हो. मग नर्सने तिला आत नेलं आणि ऑपरेशन संपेपर्यंत तो थांबला.

सहा महिन्यांनी तिला पुन्हा शेतावर घेतलं, संत्र्यांच्या बागांसाठी, पण एकटीला नाही. आता प्रत्येक झाड दोन माणसं मोजतात, एकमेकांना आकडा न सांगता, आणि मग वह्या जुळवतात. हा नियम मॅडमनी सगळ्याच विभागांना लावला. तिच्या जोडीला जी मुलगी दिली आहे ती चटपटीत आहे. दोघींचा फरक क्वचितच दोन-तीन फळांच्या पुढे जातो. तरी अहवालाच्या शुक्रवारी ही सकाळपासून पाण्याशिवाय काही घेत नाही. बारा वाजून जातात, खाली दुकानात यंत्राचा खडखडाट सुरू होतो, आणि मग जिन्यात तिच्या पावलांचा आवाज येतो. माझ्याकडे येऊन ती बसते आणि विचारते की बाजारात आज काय ऐकलंत.